तोहफा जिवंत असेल तर…

घरात माशांची टाकी आली की नातेवाइकांचा एक प्रश्न सुटतो. ईदेला या घरी काय न्यायचं? माशांसाठी काहीतरी! आमच्याकडे असंच होतं. मामूंनी समुद्रावरून वेचून आणलेले शिंपले दिले. खालाजानने प्लॅस्टिकची कमळं आणली. शेजारच्या काकूंनी दिवाळीच्या फराळाबरोबर रंगीत खडे पाठवले. आणि गेल्या ईदेला बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा आपल्या ईदीच्या पैशांतून पिशवीत दोन गोल्डफिश घेऊन दारात उभा राहिला.

यातली प्रत्येक वस्तू प्रेमाने दिलेली होती आणि एकही आमच्या टाकीत टाकण्यासारखी नव्हती.

शिंपले म्हणजे चुनाच. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होतं. मऊ पाण्यातल्या नियॉन टेट्रासारख्या माशांना ते सोसत नाही. प्लॅस्टिकच्या फुलांच्या कडा धारदार असतील तर पर आणि शेपट्या फाटतात. स्वस्त खड्यांचा रंग पाण्यात उतरतो. तरी या वस्तूंचं काही बिघडत नाही. शिंपले दिवाणखान्यात छान दिसतात आणि खडे मनीप्लँटच्या कुंडीत शोभतात. देणाऱ्याला आपली भेट घरात दिसते, त्याचंही समाधान होतं.

जिवंत माशाचं तसं करता येत नाही. तो कपाटात ठेवता येत नाही.

आमची टाकी दोन फुटांची, पाणी साधारण ५० लिटर. आपल्यातल्या अनेकांनी मुंबईच्या जामा मशिदीच्या हौदात मासे पाहिले असतील. तिथे ते सुखात असतात, कारण पाणी भरपूर आहे. घरच्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. टाकीतले उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि जुन्या टाकीतही ते असलेल्या माशांपुरतेच असतात. त्यात गोल्डफिश घाण जास्त करतो, नीट सांभाळला तर वीतभर वाढतो, दहा वर्षांहून अधिक जगतो आणि त्याला टेट्रापेक्षा थंड पाणी मानवतं. शिवाय नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवला नाही, तर पांढऱ्या ठिपक्यांसारखा रोग सगळ्या टाकीत पसरू शकतो. काचेच्या गोल भांड्यात ठेवावा, तर तिथे तो फार दिवस काढत नाही.

मग करायचं काय? तळ्यात किंवा विहिरीत सोडून द्यावा, असं कुणीतरी सुचवतंच. ते मुळीच करू नये. काच साफ करतो म्हणून लोक ‘सकर’ मासा आणतात. तो फूट-दीड फूट वाढला की पाण्यात सोडून देतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागासह देशात अनेक ठिकाणी हा परदेशी मासा पसरला आहे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांचं व स्थानिक माशांचं नुकसान करतो आहे. आपली अडचण तळ्यात ढकलली, तर ती दुसऱ्याच्या रोजीवर जाते.

राहिले दोन मार्ग. गप्प बसून ठेवून घ्यावं आणि मासे मरू द्यावेत, किंवा परत करावं आणि मुलाचं मन मोडावं. इथे आम्हाला बुखारी शरीफमधला एक प्रसंग आठवतो. हजरत सअब बिन जस्सामा (रजि.) यांनी प्रवासात असलेल्या प्रेषित मुहम्मद (स.) यांना रानगाढव भेट दिलं. आपण (स.) एहराममध्ये होते, म्हणून ते परत केलं. सअब (रजि.) यांचा चेहरा उतरलेला पाहिला, तेव्हा परत करण्याचं कारण सांगितलं, की आम्ही एहरामच्या स्थितीत आहोत. हदिया आनंदाने स्वीकारणं आणि त्याची परतफेड करणं हा आपल्या (स.) यांचा नेहमीचा शिरस्ता होता. तरी जे घेता येत नव्हतं ते घेतलं नाही, आणि देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायलाही विसरले नाहीत.

आम्ही तेच करायचं ठरवलं. मासे रात्रभर क्लोरीन घालवलेल्या पाण्याच्या बादलीत हवेची नळी सोडून ठेवले. मुलाला टाकीजवळ बसवलं, हातात पट्टी दिली. गोल्डफिश किती वाढतो ते त्याने स्वतः मोजलं आणि म्हणाला, “मग हा वळणार कुठे?” दुसऱ्या दिवशी त्याला घेऊनच दुकानात गेलो. दुकानदाराने मासे परत घेतले. पोराचा चेहरा मात्र पडलेलाच होता. “मग माझा तोहफा?” त्याच पैशांत त्याने टाकीसाठी थर्मामीटर निवडला. आता आला की आधी पारा पाहतो, मग सलाम करतो. सलामाचं तेवढं शिकवणं बाकी आहे.

देणाऱ्यांना आमची एवढीच विनंती, की जीव भेट द्यायचा तर आधी विचारावं. मासा असो, मांजर असो की पोपट, त्यासोबत रोजचं दाणापाणी आणि काही वर्षांची जबाबदारी आपण दुसऱ्याच्या घरी पाठवत असतो. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतोच. घेणाऱ्यांनीही मौन सोडावं. कुणी विचारलंच तर लाजू नये, जाळी, सायफनची नळी, चांगल्या खाद्याचा लहान डबा, असं सरळ सांगावं. आणि कुणाला खर्च न करता काही द्यायचं असेल, तर आम्ही लग्नाला गावी जाऊ तेव्हा टाकी सांभाळावी. चिमूटभर खाद्याच्या पुड्या आम्ही दिवसागणिक बांधून ठेवू. फक्त प्रेमापोटी दोन पुड्या एकदम टाकू नयेत.