घाटातला जोर यंत्राला शिकवा

जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. आम्हा खोडाळ्याकडच्या लोकांचे स्टेशन कसारा. तिथून इगतपुरीपर्यंतच्या थळ घाटात रूळ सांभाळण्यातच माझी सारी नोकरी झाली. ३७ फुटांना एक फूट असा हा चढ. चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. वळणावर चाक रुळाला बाहेर रेटते. हा आडवा जोर उभ्या भाराच्या तुलनेत फार वाढला, तर चाकाची कड रुळावर चढते आणि डबा घसरतो.

हा जोर धावत्या गाडीत सलग आणि नेमका मोजायचा तर चाकावरच ताणमापक बसवावे लागतात. ते महागडे काम. म्हणून मशीन लर्निंग मला मोलाचे वाटते. अशा मोजक्या चाकांवरून संगणकाला शिकवायचे. मग साध्या कंपनमापकांच्या नोंदींवरून तो इतर गाड्यांचा जोर अंदाजेल. पण सपाटीवर शिकलेले यंत्र घाटात फसू शकते. त्याला इथला पाऊस, ओले रूळ, अवघड वळणे दाखवा. ट्रॅकमनच्या नोंदी त्याच्या अंदाजाशी ताडून पाहा. आणि त्याच्या भरवशावर पायी गस्त कमी करू नका. जोर वाढलेल्या जागी माणूस वेळेत पोहोचावा, यासाठीच हे यंत्र हवे.