सीमेपलीकडचा शिक्का

भांडवलाला सीमा नसतात, श्रमाला मात्र असतात, हे वाक्य समाजवादी चळवळीत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. ती पुन्हा पारखून घ्यावयाची असेल, तर अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीय तंत्रज्ञाला पारपत्रावर व्हिसाचा शिक्का मिळविण्यासाठी गेली वीस वर्षे काय करावे लागले, ते पाहावे.

अमेरिकेने १९९० च्या कायद्याने 'एच-१बी' हा व्हिसा निर्माण केला. त्यात वस्तुतः दोन निरनिराळ्या परवानग्या आहेत. एक, देशात राहून विशिष्ट मालकाकडे काम करण्याची. दुसरी, देशाच्या दारातून आत येण्याची. पहिलीची मुदत अमेरिकेत बसून वाढवून मिळते. दुसरी म्हणजे पारपत्रावरचा शिक्का, आणि तो परदेशातील वकिलातीतच मारून घ्यावा लागतो. परिणामी ज्याचा कामाचा हक्क पुढील तीन वर्षे अबाधित आहे, असा माणूसही शिक्क्याची मुदत संपल्यावर आजारी आईला भेटण्यास भारतात आला, तर परत जाता येईलच याची त्याला शाश्वती नसते.

पूर्वी असे नव्हते. जुलै २००४ पर्यंत या शिक्क्याचे नूतनीकरण अमेरिकेतच टपालाने होत असे. २००२ च्या कायद्याने बोटांचे ठसे घेणे आवश्यक ठरविले आणि त्या कारणावरून ही सोय बंद करण्यात आली. वास्तविक त्याच सरकारचे स्थलांतर खाते देशभरातील आपल्या केंद्रांत परकीयांचे ठसे रोज घेत असते. अडचण ठशांची नव्हती. माणसाला दाराबाहेर काढून पुन्हा दार ठोठावण्यास लावणे हाच शिरस्ता होऊन बसला.

मायदेशी येण्याचा खर्च व रजा परवडत नसल्याने हजारो भारतीयांनी जवळचा मार्ग धरला. कॅनडातील टोरांटो वा व्हँकुव्हर, मेक्सिकोतील तिहुआना वा सियुदाद हुआरेझ येथील अमेरिकन वकिलातीत ते जाऊ लागले. त्यासाठी आधी कॅनडाचा व्हिसा काढावयाचा, मुलाखतीची तारीख मिळवावयाची, मालकाचे पत्र आणि पगाराच्या पावत्या बांधून घ्यावयाच्या व खिडकीपुढे उभे राहावयाचे. मुलाखत काही मिनिटांत आटोपते. परंतु अधिकाऱ्याने अधिक चौकशीची चिठ्ठी हाती ठेवली, तर तो माणूस परक्या शहरात अडकून पडतो. शिक्क्याची मुदत संपली असली तरी कॅनडा-मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन परतण्याची एक सवलत आहे. पण तेथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ती मिळत नाही, असा नियम २००२ मध्ये झाला. घर, सामान, मुलांची शाळा सीमेच्या एका बाजूस आणि कुटुंबाचा मिळवता माणूस दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती होते.

आता तोही मार्ग बहुतांशी बंद झाला आहे. अर्जदाराने आपल्या राष्ट्रीयत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, अशी सूचना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ६ सप्टेंबर २०२५ रोजी काढली. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील लिखाणाची तपासणी सुरू झाली आणि भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीवर आलेले लोक येथेच अडकले. २०२४ मध्ये अमेरिकेतच नूतनीकरण करून देण्याचा वीस हजार अर्जांपुरता प्रयोग झाला होता. म्हणजे ते शक्य आहे, हे त्या सरकारनेच दाखवून दिले. व्यवस्था मात्र कायम केली नाही.

या अनिश्चिततेचा लाभ कोणास होतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. मालक बदलण्याची मुभा २००० च्या कायद्याने सुलभ केली, हे खरे. पण नवा मालकही अर्ज करणारा हवा, आणि नोकरी गेली तर साधारणतः साठ दिवसांत दुसरी मिळवावी लागते. कायम वास्तव्याच्या परवान्यात एका देशास सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा दशकांची झाली आहे. वकिलातीतील अधिकाऱ्याच्या नकाराविरुद्ध न्यायालयात दाद मिळणे जवळजवळ अशक्य. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे तत्त्व पुन्हा उचलून धरले. असा माणूस पगारवाढ मागताना किंवा अन्यायाविरुद्ध बोलताना दहादा विचार करील. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे श्रम स्वस्त पडतात.

अमेरिकन कामगार संघटनांची तक्रार अशी की, या व्हिसामुळे तेथील वेतन खाली येते. तिच्यात तथ्य आहे. पण दोष परक्या कामगाराचा नसून त्याच्या बांधलेपणाचा आहे. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकन शेतमजूर 'ब्रासेरो' योजनेखाली कंत्राटाने बांधून आणले जात आणि संप फोडण्यासही वापरले जात. योजना संपल्यावर पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कॅलिफोर्नियातील डेलानो येथे फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी द्राक्षमळ्यांत एकत्र संप केला. बांधलेल्या मजुरांचा साठा मालकाच्या हाती नसला, की संघटनेला बळ येते.

भारत सरकारने २०१६ मध्ये अमेरिकेच्या वाढीव व्हिसा-शुल्काविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदविली. ते शुल्क मुख्यतः कंपन्यांना भरावे लागणार होते. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार मात्र ना भारताने स्वीकारला, ना अमेरिकेने. माणसाच्या प्रवासाकडे सेवांचा व्यापार म्हणून पाहिले, की कैफियत मालाची होते, माणसाची राहत नाही.

हे तर सुखवस्तू अभियंते, त्यांचे दुःख कष्टकऱ्यांच्या पक्षाने कशासाठी वाहावे, असा आक्षेप येईल. बीडचा ऊसतोड मजूर आणि टेक्सासमधील संगणक अभियंता यांच्या हालांची तुलना होऊच शकत नाही. तरीही मुकादमाची उचल एकाला बांधून ठेवते, मालकाचा अर्ज दुसऱ्याला. पगार किती हा श्रमस्वातंत्र्याचा निकष नव्हे. काम सोडून जाता येते की नाही, हा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. शिक्क्याचे नूतनीकरण कामगार राहतो त्या देशात व्हावे. नकाराची लेखी कारणे आणि अपिलाचा हक्क मिळावा. परवाना मालकाच्या नव्हे, कामगाराच्या नावे असावा. 'आमच्या बुद्धिमत्तेचा अपमान' असा राष्ट्राभिमानी गळा काढून यांतील एकही गोष्ट साधणार नाही. तेथील संघटनांनी परक्या कामगाराला सभासद मानले आणि येथील चळवळीने त्याला आपल्या वर्गाचा मानले, तरच ती साधेल.