कुटुंबोपासना थोडकी असावी

सहामाही परीक्षेनंतर जे पालक आम्हांस भेटावयास येतात, त्यांपैकीं एकदोघांची तरी एक तक्रार ठरलेली असते. "मास्तर, रविवारच्या उपासनेस मुलें निमूटपणें येतात, पण घरीं प्रार्थनेस बसूं म्हटलें कीं एकाचें पोट दुखूं लागतें आणि दुसऱ्याला भूगोलाचा नकाशा आठवतो!" हल्लींच्या मुलांत भक्तिभाव उरला नाहीं, असें या पालकांस सुचवावयाचें असतें. आमचें मत निराळें आहे. दोष बहुधा मुलांचा नसून आम्हां वडील मंडळींच्या लांबलचक प्रार्थनांचा असतो.

हें आम्ही स्वानुभवानें लिहीत आहों. कांहीं वर्षांपूर्वीं उपवासकाळांत एके रात्रीं जेवणापूर्वीं घरच्या मंडळींस ११९ वें स्तोत्र संपूर्ण वाचून दाखविण्याचा आम्ही संकल्प केला. त्या स्तोत्रांत १७६ वचनें आहेत. निम्में वाचन होतें न होतें तोंच आमचा नऊ वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून झोंपीं गेला. आम्ही वाचन थांबविलें, त्याला एक चपराक दिली, आणि देवाच्या नियमशास्त्राची थोरवी पुढें वाचूं लागलों! दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीस मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, आज किती वचनें आहेत?" त्या प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, भीति होती, म्हणूनच तो आमच्या जिव्हारीं लागला.

वेदीपाशीं अर्पण आणलें असतां, भावाच्या मनांत आपणांविषयीं कांहीं आहे असें स्मरलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, हें मत्तयाच्या पांचव्या अध्यायांतील शिक्षण आम्ही वर्गांत कितीदां समजावून दिलें असेल! पण 'भाऊ' या शब्दांत स्वतःचा मुलगाहि येतो, हें ध्यानांत यावयास आम्हांस तीन दिवस लागले. चौथ्या रात्रीं शास्त्र उघडण्यापूर्वीं आम्ही सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. असें केल्यानें बापाचा धाक जातो, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. थोडा गेला, हें खरें. वचनें मोजण्याची मुलाची संवय मात्र लगेच गेली नाहीं. तिला दोन महिने लागले.

तेव्हांपासून आमच्या घरची उपासना दहा मिनिटांवर जात नाहीं. पण तिची वेळ चुकत नाहीं. (दिवेलागणीस शुभंकरोति व परवचा म्हणणाऱ्या घरांतील विद्यार्थ्यांस ठरल्या वेळेचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको.) मार्काचें शुभवर्तमान १६ अध्यायांचें आहे, रोज दहाबारा वचनें वाचलीं तर सुमारें दोन महिन्यांत तें पुरें होतें. वाचन मुलांनीं करावें, आणि तीं अडखळलीं तरी बापानें मास्तर होऊं नये. हें आम्हांस फार जड जातें. मग मिनिटभर सर्वांनीं गप्प बसावें. या मिनिटांत करावयाचें काय, असें मुलें विचारतात. इग्नाशियस लोयोला याच्या १५४८ सालीं छापलेल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथांत आत्मपरीक्षणाची जी रीत सांगितली आहे, तिचा आरंभ पापांच्या यादीनें होत नाहीं, उपकारस्मरणानें होतो. आज काय चांगलें मिळालें तें आधीं, काय चुकलें तें मागाहून. रीत रोमन कॅथलिकांची म्हणून आम्हां प्रॉटेस्टंटांनीं ती टाकावी, असें आम्हांस वाटत नाहीं. शेवटीं प्रभूनें शिकविलेली प्रार्थना. ती म्हणावयास अर्धें मिनिट पुरतें. आणि व्यर्थ बडबडीविषयीं इशारा देऊन मगच त्यानें ती शिकविली.

मुलांस आपल्या शब्दांत प्रार्थना करावयास सांगितली, कीं तीं उपदेशकांची भारदस्त भाषा उसनी आणतात. आजीचा खोकला, हरवलेली पेन्सिल, गणिताची धास्ती हे विषय घरच्याच भाषेंत देवापुढें मांडूं द्यावे. पंडिता रमाबाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें खर्चून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून शास्त्राचें भाषांतर केलें, तें साध्या मराठींत व्हावें म्हणूनच. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्या घरगुती मराठीची लाज आमच्या मुलांनीं कां बाळगावी?

खोलींत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी, असेंहि प्रभूनें सांगितलें आहे. ज्यांच्या घरीं एकच खोली, त्या विद्यार्थ्यांनीं काय करावें? पहांटे जाग आल्यावर पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावें. तीच त्यांची खोली. आणि घरच्या माउलीस तेवढीहि सवड नसेल, तर सतराव्या शतकांत पॅरिस येथील एका मठाच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सची तिला सोबत आहे. भांड्यांच्या खडखडाटांतच तो देवाशीं बोलत असे.

गायनास पेटी हवीच असें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे अभंग टाळ्यांच्या ठेक्यावरहि सुरेख म्हणतां येतात. आमच्या घरीं गीत निवडण्याचा मान आतां त्याच मुलाकडे आहे. गेले कित्येक आठवडे तो एकच गीत निवडतो, कारण त्याला तीनच कडवीं आहेत. दुसरें कांहीं घे, असें आम्ही दोनदां सुचवून पाहिलें. अद्याप यश आलेलें नाहीं.