न दुखणारी गाठ अंगावर काढू नका

भगिनींनो, आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. पण वाचा, आणि घरातल्या पुरुषमंडळींनाही वाचायला द्या.

धार काढताना गाईच्या कासेत कडकपणा हाताला लागला, तर त्याच दिवशी आपण गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. आणि अंघोळ करताना स्वतःच्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ लागली तर? ‘दुखत तर नाही, कशाला बोभाटा?’ म्हणून गप्प बसतो. पेरणी होऊ दे, कापूस वेचून होऊ दे, मुलीचे लग्न पार पडू दे, असे करता करता वर्ष जाते. गाठ लिंबाएवढी होते, काखेतही दुसरी येते, आणि मग धावाधाव सुरू होते.

चूक होते ती इथेच. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. शिवाय आपल्याकडे पुष्कळ जणींना हा रोग चाळिशी-पन्नाशीतच, ऐन संसाराच्या वयात गाठतो.

लवकर दाखवून फरक पडतो का? पडतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या जणींची तपासणी आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, नुसत्या हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ, संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली कातडी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्ताळ पाणी, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्यावरच कळते. गाठ चोळू नका, लेप लावत दिवस घालवू नका. सुई घालून तपासल्याने रोग पसरतो ही भीती खोटी आहे. हा रोग स्पर्शानेही होत नाही.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिशीपुढच्या स्त्रियांची ही तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या.

म्हणजे पैठण, कन्नड, सिल्लोडच्या बाईला आता दवाखाना दूर राहिलेला नाही. उशीर होतो तो घरातच. सासूबाईंनो, सुनेने गाठ सांगितली तर तिला गप्प करू नका. आणि घरधन्यांनो, गाईसाठी जी धावपळ करता, ती घरच्या लक्ष्मीसाठी आधी करा. वेचणी चार दिवस थांबेल. गाठ थांबत नाही.