लॉकला आसरा देणारा देश

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा सहज विचारले, "लॉकने सहिष्णुतेवरील आपले पत्र कोठे बसून लिहिले?" वर्गातून एकमुखाने उत्तर आले, "इंग्लंडमध्ये!" त्या आवाजात माझाही आवाज होता. सर हसले आणि एवढेच म्हणाले, "ग्रंथालयात जाऊन बघा." त्या वाचनातून माझे जे मत बनले, ते येथे मांडते.

आपल्या नोट्समध्ये प्रत्येक विचारवंताच्या नावापुढे त्याच्या देशाचे नाव असते. हॉब्ज इंग्रज, लॉक इंग्रज, ग्रोशियस डच. परीक्षेपुरते हे सोयीचे आहे. पण सतराव्या शतकातील इंग्रजांचा राजकीय विचार केवळ इंग्रजांच्या घरचा नाही; त्यात शेजारच्या डचांचा वाटा मोठा आहे आणि तो आपण विसरतो.

१५८१ साली नेदरलँड्समधील प्रांतांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची सत्ता जाहीरपणे झुगारून दिली. प्रजा राजासाठी नसून राजा प्रजेसाठी असतो, आणि तो जुलमी झाला तर त्याला सोडण्याचा प्रजेला अधिकार आहे, असे त्या जाहीरनाम्यात म्हटले होते. ही नुसती पुस्तकी चर्चा नव्हती. राजाला दूर सारूनही चालणारे, भरभराटीस आलेले राज्य पुढे इंग्रजांना समुद्रापलीकडे प्रत्यक्ष दिसत होते.

१६२५ मध्ये ग्रोशियसचा युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील ग्रंथ आला. राजसत्तेचा कैवारी फिल्मर याने १६५२ साली हॉब्ज आणि मिल्टन यांच्याबरोबर ग्रोशियसवरही टीका केली. याच फिल्मरला खोडून काढण्यासाठी लॉकने आपला शासनविषयक पहिला निबंध लिहिला. म्हणजे इंग्रजांच्या या घरगुती भांडणात एक डच माणूस आधीपासूनच बसलेला होता!

१६८३ साली लॉकला स्वतःलाच हॉलंडमध्ये पळून जावे लागले. १६८५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने ज्यांना पकडून देण्याची मागणी केली, त्यांच्या यादीत त्याचे नाव होते. तेव्हा ॲमस्टरडॅममधील वीन नावाच्या एका वैद्याने त्याला आपल्या घरात लपवले. 'डॉ. व्हान डर लिंडेन' या खोट्या नावाने तो वावरला. त्याच काळात त्याने आपला डच मित्र लिंबॉर्ख याला उद्देशून सहिष्णुतेवरील ते पत्र लॅटिनमध्ये लिहिले. १६८९ मध्ये ते हॉलंडमधील गौडा येथे छापले गेले.

यावर आक्षेप घेता येतील, आणि ते मला मान्य आहेत. लॉकच्या शासनविषयक निबंधांचा बराचसा भाग हॉलंडला जाण्यापूर्वीच तयार होता, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. डच विद्वान सगळे लोकसत्तेच्याच बाजूचे होते असेही नाही. ज्याला मिल्टनने १६५१ मध्ये उत्तर दिले तो राजपक्षपाती साल्मेशियस लायडनच्या विद्यापीठातच होता. आणि हॉलंड म्हणजे काही स्वर्ग नव्हता. धार्मिक वादात पराभूत पक्षाची बाजू घेतली म्हणून त्या देशाने ग्रोशियसला १६१९ साली जन्मठेप दिली. पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून तो १६२१ मध्ये निसटला आणि आपला तो थोर ग्रंथ त्याने फ्रान्सच्या आश्रयाने लिहिला. स्पिनोझाच्या ग्रंथावरही तेथे १६७४ मध्ये बंदी आली.

तेव्हा लॉक डचांनी घडवला, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे साधे आहे. ग्रोशियस काय किंवा लॉक काय, दोघांचेही मोठे लेखन परक्यांच्या आसऱ्याने झाले. विचाराला बुद्धिमान डोके लागतेच. पण ते डोके धोक्यात असताना दार उघडणारा कोणीतरीही लागतो. त्या वैद्यावर परीक्षेत कधी प्रश्न येत नाही.

हे वाचत असताना मला यंदाची आपली वादविवाद स्पर्धा आठवली. न पटणारी बाजू मांडणाऱ्या एका मुलाला आपण हुर्यो करून खाली बसवले. टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होते. तो काय सांगणार होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. लॉकवर दहा गुणांचे उत्तर मी यंदाही लिहीन. पण त्या मुलाला ऐकून घ्यायला हवे होते, हे त्या उत्तरात कोठे लिहायचे?