हाताला काम हवे

म्हातारपणी बोटे आखडतात त्याचा दोष एकट्या वयाला देता येत नाही. हात हलवला नाही की सांध्याभोवतीचे आवरण आवळते, स्नायू आखूड होतात. लकवा मारलेल्या हाताची मूठ तर आपोआप मिटत जाते. मग तळव्यात घाम साचतो, कातडी भिजून वास येतो, नखे रुततात. जुन्या मधुमेहातही बोटे कडक होतात. नमस्कार करताना तळवे एकमेकांना पुरते टेकत नाहीत, ही त्याची खूण.

मिटलेली मूठ जोर लावून उघडू नये. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवावे. बोटांचा ताण सैल पडतो. मग अंगठा बाजूला घ्यावा आणि शेवटी बोटे सावकाश उलगडावीत. तळवा धुऊन कोरडा करावा, नखे कापावीत, हातात मऊ कापडाची गुंडाळी द्यावी. सांधा सुजला असेल, गरम लागत असेल, तर आधी डॉक्टर.

मात्र 2017 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार सांधे नुसते ताणून धरल्याने हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. त्यामुळे ज्या हातात थोडीही ताकद उरली आहे, त्याला काम मिळणे महत्त्वाचे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. तिथे बोटे वाकडी होण्याचे कारण वेगळे, पण रुग्णांच्या हाताला काम देण्यावर भर राहिला. वृद्धाश्रमांनी उचलावे ते हेच.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यामागे किमान 150 जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट रोज येईल, ही अपेक्षा भाबडी आहे. कापूस मात्र घरोघरी आहे. सरकी काढून वाती वळताना अंगठा आणि तर्जनी दोन्ही राबतात. तुरीच्या शेंगा सोलणे, लसूण निवडणे हेही चालते. आयुष्यभर पऱ्हाटीत नाहीतर पानमळ्यात राबलेल्या बाईला रबरी चेंडू दाबत बसवण्यापेक्षा हे बरे. तिला ते काम वाटते, औषध नव्हे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते जेवताना. वेळ वाचावा म्हणून सेविका घास भरवते आणि दिवसातला हाताचा सर्वांत मोठा व्यायाम बुडतो. भाकर कुस्करताना थोडे सांडेल, अर्धा तास जास्त लागेल. तो वेळ कामाच्या पाळीत धरूनच ठेवावा. पकड कमजोर असेल तर चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळावे.