विश्लेषण : फळमाशीच्या गुणसूत्रांचा नकाशा का महत्त्वाचा? अमेरिकी निधीकपातीचा त्याला फटका कसा?

पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी फळमाशी शंभरहून अधिक वर्षे जनुकशास्त्राला साथ देत आहे. तिच्या जनुकांची माहिती जगाला मोफत पुरवणारा ‘फ्लायबेस’ हा माहितीसाठा मात्र २०२५ मध्ये अडचणीत आला. अमेरिकी सरकारने मे महिन्यात हार्वर्ड विद्यापीठाची संशोधन अनुदाने रद्द केली आणि फ्लायबेसचा निधी याच विद्यापीठामार्फत येत होता.

गुणसूत्रांवरील पट्टे काय सांगतात?

फळमाशीत गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या असतात. अळीच्या लाळग्रंथीत पेशी विभागल्या न जाता डीएनएच्या प्रती निघत राहतात. अशा हजारएक प्रती शेजारी-शेजारी चिकटून जाडजूड दोर तयार होतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यावरचे गडद-फिके पट्टे दिसतात. कॅल्विन ब्रिजेस यांनी १९३५ मध्ये या पट्ट्यांचा नकाशा काढला. त्यात १०२ विभाग आणि प्रत्येकाचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा उपविभाग आहेत. जनुकाचा पत्ता आजही याच पद्धतीने लिहितात.

एक पट्टा म्हणजे एक जनुक?

बराच काळ तसे मानले जाई. पण पट्टे जेमतेम पाच हजार, तर मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय क्रमात जनुके निघाली सुमारे १३,६००. गणित जुळेना. पट्टा हा जनुकाचा नव्हे, तर डीएनएच्या घडीचा प्रकार आहे. गडद पट्ट्यात धागा घट्ट गुंडाळलेला असतो आणि तिथली जनुके बहुधा निद्रिस्त असतात. फिक्या पट्ट्यांत तो सैल असतो. साध्या पेशींतही घडीच्या सीमा जवळपास त्याच जागी असतात, हे २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले.

मग क्रम वाचला की सगळे कळते?

नाही. हर्मन म्युलर यांनी १९३० मध्येच त्याचा पुरावा दिला होता. क्ष-किरणांमुळे गुणसूत्र तुटून उलटे जोडले गेले आणि डोळ्याला लाल रंग देणारे जनुक घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी येऊन बसले. जनुकाला धक्काही लागला नव्हता, तरी डोळे लाल-पांढरे ठिपकेदार झाले. शेजारची घडी काही पेशींत या जनुकावरही पसरली होती. या घडीतले एचपी-१ हे प्रथिन पुढे माशीतच सापडले. त्याची भावंडे माणसातही आहेत.

कपातीने काय बिघडते?

पट्ट्याचा जुना पत्ता, डीएनएचा क्रम आणि नव्वद वर्षांतले प्रयोग यांची सांगड आपोआप बसत नाही. शोधनिबंध वाचून ती घालणारी तज्ज्ञ माणसे फ्लायबेसकडे होती. निधी आटल्यावर तिथे कर्मचारीकपात झाली, प्रयोगशाळांकडे देणग्या मागाव्या लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये संघराज्य न्यायालयाने हार्वर्डची अनुदाने थांबवणे बेकायदा ठरवले. पण निकालामुळे पैसे परत आले, तरी पांगलेले तज्ज्ञ परततीलच असे नाही. आणि तोवर येणारे शोधनिबंध वाचून नोंदवायचे तसेच साचत राहणार.